गारगोटीतील थेंबाची साक्ष

पाषाणाला पाझर फुटणे ही आपल्या भाषेत दुर्घट गोष्टीची खूण समजली जाते. परंतु पाषाणाच्या पोटात पाणी असते ही गोष्ट मात्र अक्षरशः खरी आहे. स्वच्छ गारगोटीची एखादी चकती झिजवून पातळ केली, तिला दोन्ही बाजूंनी झिलई दिली आणि ती सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरली, तर तिच्यात बारीक पोकळ्यांचे थवेच्या थवे दिसू लागतात. एकेक पोकळी बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढी किंवा त्याहूनही लहान असते. तिच्यात पाणी असते आणि त्या पाण्यात बहुतेक एक इवलासा बुडबुडा असतो. कित्येकदा हा बुडबुडा क्षणभरही स्थिर राहत नाही; एकसारखा थरथरत असतो. हे पाणी मागाहून मुरलेले पावसाचे पाणी नव्हे. जमिनीच्या खोल पोटात स्फटिक वाढत असताना ज्या उष्ण द्रवाने त्याला चारी बाजूंनी वेढले होते, त्या द्रवाचाच तो कोंडला गेलेला थेंब होय. या थेंबाला बोलते कसे करण्यात आले, त्याच्या बोलण्यावर विद्वानांनी अविश्वास का दाखविला आणि अखेर त्याची उलटतपासणी कोठे झाली, हा भूशास्त्राच्या इतिहासातील एक मनोरंजक व बोधप्रद भाग आहे.

स्फटिकात पाणी सापडते, ही माहिती नवी नाही. स्फटिक म्हणजे कायमचे गोठलेले बर्फच होय, अशी प्राचीन ग्रीक व रोमन लोकांची समजूत होती. इ. स. ४०० च्या सुमारास होऊन गेलेल्या क्लॉडियन नामक लॅटिन कवीने पोटात पाणी असलेल्या स्फटिकावर अनेक लघुकाव्ये रचली आहेत. अकराव्या शतकात हिंदुस्थानची विद्या अभ्यासून गेलेला अल्-बेरूनी यानेही आपल्या रत्नविषयक ग्रंथात अशा स्फटिकांची नोंद केली आहे. पुढे इंग्लंडात रॉबर्ट बॉइल याने १६७२ मध्ये रत्नांच्या उत्पत्तीवर निबंध लिहिला, त्यातही या कौतुकाचा उल्लेख आढळतो. तथापि या सर्वांच्या दृष्टीने हा थेंब म्हणजे सृष्टीतील एक चमत्कार होता. तो पुरावा आहे, ही कल्पना अद्याप कोणाच्या मनात आली नव्हती.

ती येण्यास एका वादाचे निमित्त झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस खडकांच्या जन्माविषयी युरोपातील पंडितांत दोन तट पडले होते. एक पक्ष म्हणे, सारे खडक प्राचीन महासागराच्या पाण्यातून साक्याप्रमाणे खाली बसले. दुसरा पक्ष म्हणे, ग्रॅनाइटासारखे खडक भूगर्भातील अग्नीने वितळलेल्या रसातून थिजले. या भांडणात स्फटिकातील पाण्याची साक्ष काढावी असे सर हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञास वाटले. त्याने १८२२ साली स्फटिकांना छिद्रे पाडून आतील पाणी व वायू तपासले. पाणी जवळजवळ शुद्ध निघाले आणि वायू विरळ, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाचा, असे पुष्कळ नमुन्यांत आढळले. स्फटिक घडला तेव्हा पाणी उष्ण होते व पुढे निवताना ते आकसले, असा याचा सरळ अर्थ होतो. पुढल्याच वर्षी डेव्हिड ब्रूस्टर याने पुष्कराजाच्या पोकळ्यांत एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव पाहिले. त्यांपैकी एक द्रव थोड्याशा उबेनेच विलक्षण फुगत असे. हे गूढ पुढे १८६९ मध्ये जर्मनीत फोगेलझांग व गाइस्लर यांनी उकलले. तो द्रव म्हणजे दाबाखाली पातळ झालेला कर्बाम्लवायू, अर्थात सोडावॉटरच्या बाटलीतून फसफसून बाहेर पडणारा वायूच होता.

या विखुरलेल्या निरीक्षणांना शास्त्राचे रूप दिले ते हेन्री क्लिफ्टन सॉर्बी या गृहस्थाने. सॉर्बीचा जन्म १८२६ साली पोलादाच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्ड शहराजवळ झाला. त्याचे घराणे याच धंद्यातील होते. १८४७ मध्ये वडील वारल्यावर पोटापुरती नव्हे, तर स्वस्थपणे संशोधन करता येईल एवढी प्राप्ती त्याच्या हाती आली. आणि त्याने कोणत्याही विद्यापीठाची चाकरी न पत्करता उभा जन्म आपल्या घरच्या प्रयोगशाळेत वेचला. दगड झिजवून इतका पातळ करावयाचा की त्यातून उजेड आरपार जावा, आणि मग त्याची अंतर्रचना सूक्ष्मदर्शकातून न्याहाळावयाची, हा त्याचा नाद होता. पर्वतांचा अभ्यास सूक्ष्मदर्शकाने करू पाहणारा हा मनुष्य पुष्कळांच्या थट्टेचा विषय झाला. ज्यांनी हातोडा घेऊन डोंगर पालथे घातले होते, त्यांना ही टाचणीच्या टोकाएवढ्या तुकड्यावरची विद्वत्ता पोरकट वाटली.

सॉर्बीचा विचार मात्र अगदी साधा होता, आणि त्याची खूण कोणत्याही स्वयंपाकघरात पटण्यासारखी आहे. काचेच्या बरणीत कडकडीत ऊन लोणचे किंवा मुरंबा तोंडोतोंड भरून झाकण घट्ट लावले, तर निवल्यावर तो खाली बसतो आणि वर मोकळी जागा राहते. ऊन पदार्थ अधिक जागा व्यापतो. निवला की आकसतो. स्फटिकातील पोकळी ही तशीच बरणी होय. झाकण बसले त्या वेळी ती उष्ण पाण्याने तुडुंब भरलेली होती. सारे निवल्यावर पाणी आकसले आणि रिकाम्या जागेत बुडबुडा उमटला. पाणी जितके अधिक उष्ण, तितका बुडबुडा मोठा. अडीचशे अंश सेंटिग्रेडला कोंडलेले पाणी निवले म्हणजे पोकळीचा सुमारे पाचवा हिस्सा मोकळा पडतो. दोनशे अंशांना कोंडलेल्या पाण्यात तो आठव्या हिश्श्याच्या आसपास असतो. आता हाच स्फटिक उलट तापवीत नेला, तर पाणी फुगत जाऊन बुडबुडा लहान लहान होतो आणि एका क्षणी नाहीसा होतो. ज्या अंशाला तो लोपला, निदान तितक्या उष्णतामानात तरी त्या थेंबाचा जन्म झाला असला पाहिजे.

सॉर्बीने हे केवळ तर्काने मांडले नाही. निरनिराळ्या क्षारांचे स्फटिक त्याने स्वतः थंड व ऊन द्रावणांत वाढवून पाहिले. आणि थंडीत वाढलेल्यांच्या पोकळ्या भरलेल्या राहतात, उष्णतेत वाढलेल्यांत बुडबुडे पडतात, हे ताडून घेतले. त्याचा निबंध १८५८ साली लंडनच्या भूशास्त्रमंडळाच्या त्रैमासिकात छापला गेला. अर्ध्या शतकानंतर, १९०८ मध्ये तो निवर्तला, तेव्हा त्याच्या पातळ चकत्यांची पद्धत जगभर रूढ झालेली होती. बॉनच्या परिसरात त्याची गाठ पडलेला तरुण जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड त्सिर्केल याने ती उचलली व तिचा प्रसार केला. परंतु खुद्द थेंबाच्या उष्णतामापकाचे नशीब तितके बलवत्तर नव्हते.

त्याच्यावर तीन आक्षेप आले, आणि तिन्ही गंभीर होते. पहिला आक्षेप दाबाचा. खोल भूगर्भात प्रचंड दाबाखाली पाणी कोंडले गेले असेल, तर बुडबुडा लोपण्याचा अंश खऱ्या उष्णतामानाहून कमी येणार. आणि तो दाब किती होता, हे कोणी सांगावे? स्वतः सॉर्बीलाही ही अडचण ठाऊक होती. दुसरा आक्षेप गळतीचा. लक्षावधी वर्षांत पोकळीतील पाणी झिरपून गेले नसेल, याची शाश्वती काय? तिसरा आक्षेप काळाचा. स्फटिकाला पुढे केव्हातरी तडा जातो, तड्यात निराळेच पाणी शिरते आणि तडा पुन्हा सांधला जातो. असे झाले म्हणजे थेंब स्फटिकाच्या जन्माची नव्हे, तर त्याच्या दुखापतीची हकीगत सांगतो. असे तडे स्फटिकात कसे भरून येतात, हे रशियन शास्त्रज्ञ लेमलाइन याने १९२९ मध्ये दाखवून दिले. पुढे रशियात एर्माकोव्ह याने या विषयावर १९५० साली मोठा ग्रंथ लिहिला. आणि त्याच साली अमेरिकेत जॉर्ज केनेडी याने दाब व गळती यांची चिकित्सा करून या पद्धतीच्या भरवशावर कडक टीका केली. एकाच वर्षी एकीकडे गौरव, दुसरीकडे अविश्वास, अशी ही स्थिती होती.

या वादाचे मूळ कोठे होते, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. सोन्याचांदीच्या किंवा जस्ताच्या ज्या खनिजशिरांमधील थेंब तपासले जात, त्या शिरा कोट्यवधी वर्षांपूर्वीच निवून गेलेल्या. थेंब म्हणतो, आपण अडीचशे अंशांना जन्मलो. परंतु ते खरे की खोटे, हे पडताळावयास त्या वेळचा दुसरा साक्षीदार हयात नाही. ज्या न्यायालयात एकच साक्षीदार असतो, तेथे त्याच्या सचोटीवर कितीही वाद घातला तरी निकाल लागत नाही. आवश्यकता होती ती अशा ठिकाणाची, की जेथे स्फटिक आजही वाढत आहेत, उष्ण पाणी आजही वाहत आहे आणि त्याच भोकातून उष्णतामापक खाली सोडता येतो.

असे ठिकाण शास्त्राने नव्हे, तर विजेच्या गरजेने मिळवून दिले. इटलीत लार्देरेल्लो येथे जमिनीतून वाफेचे लोट निघतात. त्या वाफेवर यंत्र चालवून पिएरो जिनोरी कोंती या सरदाराने १९०४ मध्ये पाच दिवे पेटविले, आणि १९१३ पासून तेथे वीज तयार करण्याचा धंदाच सुरू झाला. न्यूझीलंडातील वाइराकेई येथील वीजघर १९५८ मध्ये आणि कॅलिफोर्नियातील गायझर्स येथील १९६० मध्ये चालू झाले. अशा क्षेत्रांत एक-दोन किंवा तीन किलोमीटर खोल विंधणविहिरी खणाव्या लागतात. एकेका विहिरीचा खर्च कोट्यवधी रुपयांच्या घरात जातो. आणि ती थंड निघाली तर तो सगळा पाण्यात. शिवाय खणताना थंड चिखलपाणी सतत आत सोडावे लागत असल्यामुळे विहीर निवते, आणि तिचे खरे उष्णतामान पूर्वपदावर येण्यास पुष्कळ दिवस, कधी कधी महिने लागतात. दरम्यान पुढची विहीर कोठे घ्यावी, हा प्रश्न खोळंबून राहतो. परंतु विहिरीतून वर आलेल्या दगडाच्या तुकड्यांत गारगोटीचे वा चुनखनिजाचे कण असतात, आणि त्यांत थेंब असतात. ते बोलले आणि खरे बोलले, तर अंधारात चाचपडणाऱ्या खोदकाला दिवा मिळाला असे म्हणता येईल.

थेंब खरे बोलतो की नाही, याचा सोक्षमोक्ष लावण्यास सर्वांत मोठा हातभार एडविन रोडर या अमेरिकन शास्त्रज्ञाने लावला. स्फटिक गोठविणारी व तापविणारी अशी दुहेरी साधने त्याने १९६२ मध्ये वर्णन केली. १९६८ साली ब्रायन स्किनर याच्यासह त्याने प्रयोगांच्या आधारे दाखविले की, हे थेंब सामान्यतः गळत नाहीत. त्यानंतर न्यूझीलंडातील ब्रॉडलँड्स या क्षेत्रात ब्राउन, रोडर व वोद्झिकी यांनी खोल विहिरींतील स्फटिकांचे थेंब तापवून पाहिले आणि त्यांचे अंश त्याच विहिरींत प्रत्यक्ष मोजलेल्या अंशांशी ताडून पाहिले. १९७४ मध्ये मांडलेला त्यांचा निष्कर्ष असा की, दोहोंचा मेळ एकंदरीत चांगला जमतो. सॉर्बीच्या निबंधाला त्या वेळी एकशे सोळा वर्षे झाली होती. येथे दाबाचा आक्षेपही बहुतांशी लटका पडला. कारण ही क्षेत्रे फार खोल नसतात, पाणी पुष्कळदा उकळण्याच्या बेतात असते, आणि अशा पाण्यात दाबाची दुरुस्ती नगण्य होते. ज्या आक्षेपांनी थेंबाला जुन्या खाणीत निरुत्तर केले होते, त्यांची धार जिवंत क्षेत्रात अशी बोथट झाली.

पण याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. थेंबाचा आणि विहिरीचा अंश जेथे जुळत नाही, तेथेच खरा इतिहास दडलेला असतो. थेंब अधिक उष्णता सांगतो आणि विहीर कमी, तर ते क्षेत्र निवत चालले आहे, असा संशय घ्यावा. थेंब कमी सांगतो आणि विहीर अधिक, तर तेथे नवी उष्णता येत आहे. तड्यांत कोंडलेले थेंब पूर्वी उपद्रव वाटत. परंतु त्यांची पिढ्यांप्रमाणे विभागणी केली, म्हणजे एकाच स्फटिकातून तापण्या-निवण्याची बखर वाचता येते. मात्र ही बखर वाचणाराने घाई करता कामा नये. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानातील संशोधनासाठी खणलेल्या विहिरींत बार्गर व फोर्निए यांना असे थेंब मिळाले, की त्यांचा अंश त्या खोलीवर आज पाणी ज्या अंशाला उकळते त्याहूनही अधिक होता. वरकरणी ही अशक्य गोष्ट. त्यांनी १९८८ मध्ये तिचा उलगडा केला तो असा: हिमयुगात या प्रदेशावर शेकडो मीटर जाडीचे बर्फ होते, त्याच्या भाराने खालच्या पाण्यावरील दाब वाढला, आणि म्हणून ते आजच्यापेक्षा अधिक अंशाला उकळत होते. बर्फ वितळून हजारो वर्षे लोटली. त्याच्या वजनाची नोंद तेवढी खालच्या थेंबात राहिली.

थेंबाला तापविण्याप्रमाणेच गोठवूनही प्रश्न विचारता येतो. शुद्ध पाण्याचे बर्फ शून्य अंशाला वितळते, समुद्राच्या पाण्याचे उणे दोन अंशांच्या जवळपास. अर्थात बर्फ किती अंशाला वितळले यावरून पाण्यातील मीठ कळते. येथेही एक चकवा होता. ब्रॉडलँड्सचे थेंब विहिरीच्या पाण्याहून खारट असल्यासारखे दिसत. हेडनक्विस्ट व हेन्ली यांनी १९८५ मध्ये याचे कारण दाखविले. तो खारटपणा मिठाचा नव्हताच. पाण्यात विरघळलेल्या कर्बाम्लवायूने वितळण्याचा अंश खाली ओढला होता. विहिरीतून पाणी वर येताना उकळते आणि वायू निघून जातो. थेंबाच्या बंद कोठडीत तो जसाच्या तसा राहतो. म्हणजे येथे साक्षीदार खोटे बोलला नव्हता. प्रश्न विचारणारानेच त्याच्या बोलण्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

या विद्येचे व्यावहारिक महत्त्व कोणास पाहावयाचे असेल, तर त्याने कॅलिफोर्नियातील गायझर्सकडे पाहावे. हे जगातील सर्वांत मोठे वीजोत्पादक वाफक्षेत्र. तेथे जमिनीखाली पाणी नाही, कोरडी वाफच आहे, आणि तिचे उष्णतामान साधारण दोनशे चाळीस अंश. परंतु मूर व गंडरसन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात थेंबांनी निराळीच कथा सांगितली. पूर्वी या खडकांत तीनशे अंशांहून अधिक उष्ण असे खारट पाणी खेळत होते. वाफेचे राज्य मागाहून आले. म्हणजे आजची वाफ ही एका जुन्या, आटत गेलेल्या जलाशयाची शेष पुंजी होय. पुंजी खर्चली की संपते, हे सांगावयास पंडित लागत नाही. १९८७ च्या सुमारास तेथील उत्पादन कळसास पोहोचले, आणि मग वाफेचा दाब उतरू लागला. उष्णता भरपूर होती; पाणी संपत होते. अखेर १९९७ पासून लेक परगण्याचे आणि २००३ पासून सांता रोझा शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी नळांनी आणून त्या तप्त खडकांत सोडण्यात येऊ लागले, तेव्हा ती घसरण बरीच आवरली. ज्या शहराने वीज वापरावी, त्याच शहराच्या सांडपाण्याने पुढची वाफ व्हावी, असा हा विलक्षण फेरा आहे.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना उष्णोदकाचे नवल नाही. वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील कुंडे घरोघर ठाऊक आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूर अशी उन्हाळ्यांची रांगच लागते. कोकणी माणूस ऊन पाण्याच्या झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतो, ते याचमुळे. या झऱ्यांच्या खाली जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांतील खोल भेगांतून खाली उतरते, पृथ्वीच्या स्वाभाविक उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते, असे भूशास्त्रज्ञ मानतात. याहून मोठी आशा लडाखमधील पुगा खोऱ्याकडून आहे. तेथे वीज काढण्याच्या प्राथमिक प्रयोगासाठी २०२१ मध्ये ओएनजीसीने करार केला. झऱ्याच्या तोंडाशी पाणी किती ऊन आहे, हे हात घालून कळते; परंतु खाली ते किती ऊन आहे, आणि ते तापत चालले आहे की निवत, हे झरा सांगत नाही. वर येताना त्यात थंड पाणी मिसळते आणि त्याची मूळची ओळख पुसली जाते. स्फटिकातील थेंबात असे काही मिसळू शकत नाही. म्हणूनच अशा ठिकाणी खणून वर काढलेला दगडाचा चुरा टाकाऊ समजून फेकून देणे म्हणजे हातची दप्तरे रद्दीत घालण्यासारखे होय.

सॉर्बीची थट्टा करणारांना एक गोष्ट उमगली नव्हती. डोंगर केवढा मोठा आहे, यावर त्याच्या पुराव्याचे माप अवलंबून नसते. तथापि त्याचे समर्थन करणारांनाही शंभर वर्षे एक धडा शिकावा लागला, आणि तो धडा इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा आहे. थेंब जे सांगतो, ते त्याच्या जन्मवेळेपुरते सांगतो. तीनशे अंशांची ग्वाही देणाऱ्या स्फटिकावर विसंबून विहीर खणावी आणि ती थंड निघावी, तर दोष स्फटिकाचा नाही. त्याने आपल्या काळाची हकीगत बिनचूक सांगितली होती. ती हकीगत कोणत्या काळाची, हे विचारावयाचे राहून गेले. म्हणून अनुभवी भूशास्त्रज्ञ थेंबाचा अंश आधी टिपतो, मग विहिरीत उष्णतामापक सोडतो, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडल्यावाचून पुढच्या खर्चाच्या कागदावर सही करीत नाही.